भंगाराचं मैदान आणि माझ्या सिनॉप्सिसमधलं पहिलं वाक्य

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य असं होतं: लुटुपुटूचा खेळ मुलांच्या सर्वांगीण विकासासाठी अत्यावश्यक असतो, हे संशोधनाने सिद्ध झालेलं आहे. वाक्याच्या शेवटी कंसात चार सायटेशन. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मॅडमनी कॉपी परत दिली तेव्हा ‘सिद्ध’ या शब्दाखाली पेन्सिलने दोन रेघा होत्या आणि समासात एकच शब्द लिहिला होता: ‘कुठे?’

मी चारही पेपर पुन्हा उघडले. पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, दुसरा एका पुस्तकाकडे, आणि पुस्तकात ते वाक्य जवळजवळ माझ्याच शब्दांत होतं, पण त्याच्या खाली पुरावा नव्हता. म्हणजे मी पुराव्याचं सायटेशन दिलेलं नव्हतं, एका समजुतीचं दिलं होतं. पुढचे तीन महिने ही समजूत कुठून आली ते शोधण्यात गेले. त्यातलं बरंचसं थीसिसमध्ये येणार नाही, म्हणून इथे लिहिते आहे. पेट देऊन कोर्सवर्कला बसलेल्या, विषय शोधणाऱ्या मंडळींना याचा उपयोग होईल असं वाटतं.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं. पक्ष्यांचं वर्तन बघत होते, आता वस्तीतल्या खेळाच्या जागांवरची मुलं बघते. लोकांना हे विचित्र वाटतं, पण पद्धत तीच आहे. जीन आल्टमन यांचा १९७४ चा निरीक्षणाच्या पद्धतींवरचा पेपर माकडं बघणाऱ्यांनी वाचला तसाच मुलं बघणाऱ्यांनीही वाचला. ठरावीक वेळाने नजर फिरवायची, जो जे करतो आहे ते नोंदवायचं, आपल्याला मजेशीर वाटतं तेवढंच टिपायचं नाही. अडचण एवढीच, की पक्षी दाणे टिपतो ते दिसतं. मुलगी वाळूवर बसून दोन दगड हलवते आहे, तेव्हा ती चहा करते आहे की नुसते दगड हलवते आहे, हे कसं नोंदवायचं? सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आता इतिहास.

खेळाच्या मैदानांचा इतिहास इंग्रजी पुस्तकांमध्ये बहुतेक वेळा बोस्टनपासून सुरू होतो. १८८५ मध्ये डॉक्टर मारी झाकशेव्हस्का यांनी बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग पाहिले आणि बोस्टनमधल्या ओळखीच्या समाजसेवी बायकांना ते कळवलं. तिथल्या गरीब वस्तीत तसाच एक ढीग टाकला गेला. खर्च जवळजवळ शून्य. पुढच्या तीसेक वर्षांत अमेरिकेत मैदानांची चळवळच उभी राहिली, पण तिने वाळू मागे टाकली आणि लोखंड पुढे आणलं. झोपाळा, घसरगुंडी, सी-सॉ, चढायच्या शिड्या. रस्त्यावरची मुलं आत यावीत, शरीर कमवावं, शिस्त लागावी, हा हेतू होता. आपल्याकडच्या नगरपालिकेच्या बागेतली लाल-पिवळी घसरगुंडी त्याच कुळातली. तिच्यात वाईट काही नाही. पण तिचा उपयोग एकच आहे आणि तो आधीच ठरलेला आहे. वर चढा, खाली या, पुन्हा वर चढा.

या लोखंडाविरुद्ध पहिली ठाम तक्रार केली ती मानसशास्त्रज्ञाने नव्हे, शिक्षकानेही नव्हे, तर बागा आखणाऱ्या एका माणसाने. डेन्मार्कचे कार्ल थिओडोर सोरेन्सेन. जन्म १८९३. त्यांनी स्वतः आखलेली मैदानं होती, नीटनेटकी. आणि मुलं ती सोडून शेजारच्या बांधकामावर, पडक्या जागेत, भंगारात खेळत होती. फळ्या, विटा, दोऱ्या, तुटकी चाकं. हे बघितल्यावर बहुतेक लोक काय करतील? बांधकामाला कुंपण घालतील. सोरेन्सेननी उलटं केलं. १९३१ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी सुचवलं, की मुलांना भंगाराचंच मैदान देऊन बघावं. खेड्यातल्या मुलाला शेत, गोठा, ओढा मिळतो, शहरातल्या मुलाला तसं काहीतरी मिळालं पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता.

बारा वर्षं काही झालं नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना हे डोक्यात ठेवा. कल्पना छापली गेली तो दिवस आणि ती जमिनीवर उतरली तो दिवस यांच्या मधल्या काळात बहुधा खरी गोष्ट असते.

मधल्या काळात दुसरं महायुद्ध सुरू झालं. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्क व्यापला. कोपनहेगनच्या एमद्रुप भागात कामगारांच्या सहकारी गृहसंस्थेची नवी वसाहत उभी राहत होती. तिचे वास्तुरचनाकार डान फिंक यांनी सोरेन्सेनची कल्पना उचलली आणि ऑगस्ट १९४३ मध्ये पहिलं भंगाराचं मैदान उघडलं. तारखेकडे बघा. तो महिना डेन्मार्कमध्ये संपांचा आणि घातपातांचा होता. २९ ऑगस्टला जर्मनांनी लष्करी आणीबाणी लावली आणि डॅनिश सरकार पायउतार झालं. मोठी माणसं रात्री रेल्वेचे रूळ उडवत होती आणि ते देशप्रेम होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांनी काही फोडलं तर तो गुन्हा होता. या दोन्हींतला फरक पोरांना कसा समजावायचा, हा त्या वेळच्या आईबापांपुढचा खरा प्रश्न होता. रॉय कोझलोव्हस्की या वास्तुकलेच्या इतिहासकाराने या संदर्भावर चांगलं लिहिलं आहे. ते वाचेपर्यंत मी एमद्रुपकडे ‘क्रिएटिव्हिटीची प्रयोगशाळा’ म्हणून बघत होते. ती कल्पना मी आजच्या काळातून तिकडे नेली होती. तिथल्या लोकांना आधी मुलं वाया जाण्याची चिंता होती.

मैदान कसं होतं? भोवती मातीचा उंच बांध आणि कुंपण, म्हणजे आतला पसारा बाहेरून दिसू नये आणि शेजाऱ्यांनी तक्रार करू नये. (गृहसंस्थेच्या कमिटीचा स्वभाव बहुतेक जगभर सारखाच असावा.) आत घसरगुंडी नाही, झोपाळा नाही. लाकूड, विटा, माती, फावडी, हातोड्या, खिळे. आणि एक मोठा माणूस, जॉन बर्टेलसन. हे आधी खलाशी होते, नंतर बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं. त्यांची भूमिका ऐकली तर आपल्याकडचा कुठलाही प्रिन्सिपॉल दचकेल: मी मुलांना काही शिकवणार नाही. हत्यारं द्यायची, मागितली तर मदत करायची, भांडण हाताबाहेर गेलं तर मध्ये पडायचं. पुढाकार मुलांचाच. या सगळ्या प्रकाराला त्यांनी ‘भंगारशास्त्र’ म्हणता येईल असा एक गमतीदार डॅनिश शब्दही बनवला होता.

मुलांनी काय केलं? खोदलं. घरं बांधली. आणि घर बांधलं की त्यात कोणीतरी राहायला हवं. इथे लुटुपुटूचा खेळ येतो. तो आणायला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मैदानाच्या मूळ हेतूत त्याचं नावही फारसं नव्हतं. हातात फळी आणि वीट असली की तिचं काहीतरी होतंच. आपल्या भातुकलीचंही तसंच. बोळकी आयती मिळत असतील, पण भात म्हणजे माती, भाजी म्हणजे पाला, आणि पाहुणे म्हणजे शेजारची दोन पोरं. वस्तू जितकी अर्धवट, तितकी ती जास्त गोष्टी होऊ शकते. सोरेन्सेन नंतर या मैदानाबद्दल म्हणायचे, की मी घडवलेल्या सगळ्या गोष्टींत हे सर्वांत कुरूप, आणि तरी मला सर्वांत सुंदर वाटतं ते हेच.

एमद्रुप हा डेन्मार्कचा स्थानिक प्रयोग म्हणूनच राहिला असता. १९४६ मध्ये तिथे मार्जोरी ॲलन आल्या. लेडी ॲलन ऑफ हर्टवुड म्हणून त्या ओळखल्या जातात. त्याही बागा आखणाऱ्याच, आणि मुलांच्या प्रश्नांवर सरकारशी भांडण्यात वाकबगार. त्यांनी एमद्रुप बघितलं आणि नोव्हेंबर १९४६ मध्ये लंडनच्या ‘पिक्चर पोस्ट’ या सचित्र साप्ताहिकात फोटोंसह लेख लिहिला. लेखाचा सूर असा होता, की आपल्या बॉम्ब पडलेल्या जागा आपण अशा का वापरत नाही? लंडनमध्ये तेव्हा ढिगाऱ्यांना तोटा नव्हता आणि मुलं तिथे तशीही खेळतच होती, फक्त चोरून. १९४८ मध्ये कॅम्बरवेल भागात अशा उद्ध्वस्त जागेवर पहिलं मैदान झालं. पुढे आणखी झाली. ‘भंगार’ हा शब्द नगरपालिकांना आणि शेजाऱ्यांना रुचत नव्हता, म्हणून पन्नाशीच्या दशकात नाव बदलून ‘साहसी मैदान’ केलं. १९५५ मध्ये लॅम्बेथमधल्या लोलार्ड स्ट्रीटवर, बॉम्बने पडलेल्या एका शाळेच्या जागेवर, त्यांतलं सर्वांत गाजलेलं मैदान उघडलं. १९६० मध्ये ते बंद झालं, कारण तिथे पुन्हा शाळा बांधायची होती. ही मैदानं उसन्या जागेवर उभी होती. शहराला जागेची गरज पडली की मुलं उठायची. अपघातांची भीती, विमा, आवाजाची तक्रार ही कारणं पुढे खूप चर्चिली गेली, पण मला वाटतं जमिनीचा हिशोब त्याहून आधीचा आणि त्याहून साधा आहे.

ॲमस्टरडॅमची गोष्ट याला समांतर, पण वेगळी. १९४७ मध्ये आल्डो फान आइक नावाचा तरुण वास्तुरचनाकार महापालिकेच्या नगररचना खात्यात नोकरीला होता. याकोबा मुल्डर या खात्यातल्या वरिष्ठ. त्यांच्या पुढाकाराने बर्टेलमनप्लाइन या छोट्या चौकात त्याने एक मैदान केलं: वाळूचा काँक्रीटचा हौद, काही गोल ठोकळे, लोंबकळायच्या नळ्या, बाक, झाडं. कुंपण नाही. शेजारच्या वस्त्यांतून पत्रं यायला लागली, आम्हालाही हवं. १९७८ पर्यंत त्या शहरात अशी सातशेहून जास्त मैदानं झाली, बरीचशी रिकाम्या प्लॉटांवर आणि रस्त्याच्या बेचक्यात. फान आइकचा एक हट्ट मला फार पटतो. त्याने हत्ती, घोडा, रॉकेट अशा आकाराची खेळणी केली नाहीत. काँक्रीटचा गोल ठोकळा हा काहीच नसतो, म्हणून तो टेबल होतो, बेट होतो, दुकानाचा गल्ला होतो. फायबरचा हत्ती हत्तीच राहतो. म्हणजे कोपनहेगनमध्ये भंगार आणि ॲमस्टरडॅममध्ये घोटीव काँक्रीट. दिसायला दोन टोकं. पण दोघांनीही वस्तूचा अर्थ ठरवायचं काम मुलांवर सोडलं.

माझ्या चार सायटेशनपैकी दोघांनी एक वाक्य जवळपास सारखंच लिहिलं होतं: साहसी मैदानं वायगॉट्स्कीच्या सिद्धांतावर उभी राहिली. आता तारखा लावून बघा. वायगॉट्स्कीने खेळावरचं ते प्रसिद्ध व्याख्यान १९३३ मध्ये लेनिनग्राडला दिलं. तो १९३४ मध्ये क्षयाने गेला. व्याख्यान रशियन नियतकालिकात छापून आलं १९६६ मध्ये, इंग्रजीत १९६७ मध्ये. सोरेन्सेनचं पुस्तक १९३१ चं, एमद्रुप १९४३ चं, लोलार्ड १९५५ चं. यांतल्या कोणीही ते व्याख्यान वाचलेलं असणं शक्य नव्हतं. सिद्धांत नंतर येऊन मैदानाच्या पायाखाली सरकला आहे. असं पुष्कळ विषयांत होतं. रिव्ह्यूमध्ये ‘वर आधारित’ हा शब्द वापरण्यापूर्वी दोन्ही तारखा शेजारी लिहून बघायच्या, ही सवय मला या एका वाक्याने लावली. पाच मिनिटं लागतात.

तरीही वायगॉट्स्की वाचाच. त्याचा मुद्दा काठीच्या घोड्याचा आहे. लहान मुलाला ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सोडवता येत नाही. काठी हातात आली की तो अर्थ काठीवर लटकवता येतो. काठी हा तात्पुरता खिळा. पुढे खिळा न लागता, नुसत्या शब्दांत, अर्थ हलवता येतो. आणि अशा खेळात मोकाट सुटणं नसतं, उलट कडक नियम असतात. आई झालेली मुलगी आईसारखंच वागते, पेशंट झालेला मुलगा उठून पळत नाही. म्हणून खेळात मूल स्वतःपेक्षा उंच होतं, असं त्याचं म्हणणं. पियाजेचं याच विषयावरचं पुस्तक १९४५ चं, आणि सूर अगदी वेगळा. त्याच्या मते अशा खेळात मूल जगाला आपल्या सोयीने वाकवतं, आणि विचार पक्व होत गेला की हा खेळ ओसरतो. एकाला हा खेळ शिडी वाटतो, दुसऱ्याला पायरीवरची खूण. हे दोघंही सिद्धांत मांडत होते. मोजलं कोणीच नव्हतं.

मोजणी सुरू झाली साठच्या दशकाच्या शेवटी. सारा स्मिलान्स्की यांचं इस्रायलमधलं काम १९६८ मध्ये प्रसिद्ध झालं. स्थलांतरित गरीब कुटुंबांतली मुलं मिळून-मिसळून भूमिका घेऊन कमी खेळतात असं त्यांना दिसलं, आणि मोठ्यांनी खेळात शिरून मदत केली तर खेळ वाढतो असंही. हे पुस्तक अजूनही खूप सायट होतं. त्यातल्या ‘कमी’ या शब्दावर नंतर बरीच टीका झाली: ही मुलं कमी खेळत होती की वेगळं खेळत होती, बालवाडीच्या अनोळखी खोलीत बुजली होती का? स्वतः निरीक्षण करताना मला हा प्रश्न रोज पडतो. वही घेऊन बसलेली ताई दिसली की मुलांचं दुकान अर्ध्यात बंद होतं.

मग प्रयोग आले. १९७३ मध्ये डान्स्की आणि सिल्व्हरमन यांनी मुलांना साध्या वस्तू दिल्या. काहींना खेळू दिलं, काहींना मोठ्यांची नक्कल करायला सांगितलं. नंतर विचारलं, या वस्तूचा आणखी कशासाठी उपयोग होईल? खेळलेल्या मुलांनी जास्त आणि वेगळे उपयोग सांगितले. पुढची दहा-बारा वर्षं अशा निष्कर्षांची रांग लागली आणि ‘खेळाने सर्जनशीलता वाढते’ हे पाठ्यपुस्तकात गेलं. १९८७ मध्ये पीटर स्मिथ आणि व्हिटनी यांनी तोच प्रयोग पुन्हा केला, एक बदल करून. चाचणी घेणाऱ्याला हे माहीतच नव्हतं, की समोरचं मूल खेळून आलं आहे की नाही. फरक नाहीसा झाला. म्हणजे आधीच्या प्रयोगांत खेळलेल्या मुलाला प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज, हसू, ‘आणखी?’ म्हणण्याची पद्धत, हेच काम करत असण्याची शक्यता होती. सायन्सच्या विद्यार्थ्याला ब्लाइंडिंग ही औषधांच्या चाचणीतली गोष्ट वाटते. मलाही वाटायची. पुढच्याच वर्षी स्मिथने या सगळ्या वातावरणाला एक नाव दिलं, खेळाची निष्ठा म्हणू या: खेळ चांगला आहे हे आधीच ठरलेलं, पुरावा नंतर गोळा करायचा.

२०१३ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि पाच सहकाऱ्यांचा मोठा रिव्ह्यू आला. मला जर पीएचडीच्या पहिल्या वर्षी एकच पेपर वाचायला सांगितला असता, तर हाच सांगायला हवा होता. त्यांनी पुरावा तीन शक्यतांपुढे ठेवून बघितला. एक, लुटुपुटूचा खेळ हे विकासाचं आवश्यक कारण आहे. दोन, तो अनेक वाटांपैकी एक वाट आहे, गोष्टी ऐकून किंवा मोठ्यांशी बोलूनही तिथेच पोचता येतं. तीन, तो नुसता सोबती आहे, म्हणजे ज्या घरात मुलांशी बोलतात तिथे मुलं असंही खेळतात आणि हुशारही होतात. निष्कर्ष: पहिल्या शक्यतेला भक्कम आधार मिळत नाही. भाषा, गोष्ट सांगणं, भावनांवर ताबा अशा काही बाबतीत प्रश्न अजून उघडा आहे. वाइसबर्ग, हर्श-पासेक आणि गोलिन्कॉफ यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं, की एकेका अभ्यासाला पाडत गेलं तर समोरचं एकत्र चित्र दिसत नाही. दोन्ही बाजू एकामागून एक वाचा. आणि हेही लक्षात ठेवा, की लिलार्ड माँटेसरी शिक्षणावर बरंच काम केलेल्या आहेत, आणि माँटेसरीबाईंना कल्पनेच्या खेळापेक्षा खऱ्या कामाचं कौतुक जास्त. यावरून पेपर चुकीचा ठरत नाही. लेखक कुठून बोलतो आहे एवढंच कळतं.

माँटेसरीचं नाव निघालं म्हणून एक फाटा. तीच पद्धत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्यामार्फत आपल्याकडे आली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं. महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती. मग शंख-शिंपले, बिया, दगड, पानं. बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. एमद्रुपचा आणि बोर्डीचा काही संबंध नव्हता, तो जोडू नका. मी एका सेमिनारमध्ये तो जोडून बसले होते आणि प्रश्नोत्तरांत माझी चांगलीच पंचाईत झाली.

आता मैदानांकडे परत. एक गोष्ट बऱ्यापैकी दिसते: जागा आणि वस्तू बदलल्या की खेळाचा प्रकार बदलतो. जो फ्रॉस्ट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी अमेरिकेत लोखंडी मैदानं आणि सुट्या वस्तूंची मैदानं यांची तुलना केली. लोखंडावर मुलं मुख्यतः हातपाय हलवतात, सुट्या वस्तू मिळाल्या की भूमिका घेऊन खेळणं बरंच वाढतं. १९७१ मध्ये सायमन निकल्सन यांनी ‘सुटे भाग’ ही कल्पना मांडली तेव्हा तर ती समीकरणासारखीच मांडली: जागेत जितक्या बदलता येण्याजोग्या गोष्टी, त्या प्रमाणात कल्पकता आणि शोध. समप्रमाण! पण ना एकक, ना आलेख. तरीही हा लेख मला आवडतो, कारण तो चूक ठरवता येईल असं काहीतरी म्हणतो. सिडनीत अलीकडे शाळांची यादृच्छिक निवड करून काही मैदानांत टायर, खोकी, पिंपं टाकली आणि मुलांच्या कमरेला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. हालचाल वाढली, थोडीशी. यंत्राला पावलं कळतात. ते टायर म्हणजे समुद्रातलं जहाज होतं हे कळत नाही. मोजायला सोपं ते आधी मोजलं जातं, आणि मग तेच महत्त्वाचं होऊन बसतं.

इथे दोन प्रश्न वेगळे करायला मला फार वेळ लागला. जागेमुळे खेळ बदलतो का? बहुधा हो. त्या खेळामुळे मूल पुढे जाऊन वेगळं होतं का? माहीत नाही. माझ्या वाक्यात हे दोन्ही प्रश्न एका ‘सिद्ध’ शब्दात कोंबले होते.

हे सगळं मी टेबलावर बसून करत असताना आमच्या सोसायटीत एक नोटीस लागली. मागच्या बाजूला बांधकामातून उरलेली वाळू, फरश्यांचे तुकडे आणि दोन ड्रम पडलेले आहेत. मुलांनी तिथे हॉटेल काढलं आहे. वाळूचा पुलाव, बदामाच्या पानाची प्लेट, आणि ‘आज जीपे बंद आहे, कॅश द्या’. ते उचलून रबरी फरशी आणि एक तयार प्लास्टिकचा सेट बसवायचा ठराव होता. सेटला वर एक छोटं छप्पर आणि त्यावर इंग्रजीत ‘कॅफे’. मी पीएचडी करते हे सगळ्यांना माहीत असल्याने मीटिंगमध्ये मला उभं केलं. सेक्रेटरी काका अगदी सरळ म्हणाले, “ताई, तुम्ही सांगा. वाळूने मुलांचा विकास होतो असं सिद्ध झालं आहे का? असेल तर ठेवू.”

तीन महिन्यांपूर्वी मी छातीठोक हो म्हटलं असतं. वाळू वाचली असती. त्या क्षणी मनात आलंही, की म्हणून टाकावं, कोण तपासतंय. मग मला पेन्सिलच्या त्या दोन रेघा आठवल्या. आणि दुसरंही आठवलं: सोरेन्सेन, बर्टेलसन, लेडी ॲलन यांच्यापैकी कोणाकडेही असा पुरावा नव्हता. त्यांनी तो मागितलाही नव्हता. मुलं कुठे खेळतात ते बघितलं आणि तशी जागा राखून ठेवली. झाडाखाली बसणाऱ्या आजोबांना आपण कधी विचारत नाही, की बाकामुळे तुमचा काय विकास झाला.

मी म्हटलं, “सिद्ध झालेलं नाही, काका. पण सेट बसवला तर मुलं चढतील-उतरतील, हॉटेल बंद होईल, एवढं मी बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकते. ते तुम्हाला चालेल का, ते तुम्ही ठरवा.” शांतता. मग पाचव्या मजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, त्या हॉटेलात मी कालच जेवले, उधारी बाकी आहे. लोक हसले. फरश्यांचे धारदार तुकडे उचलायचे, ड्रम आणि वाळू सहा महिने ठेवायची, मांजरं घाण करतात म्हणून रात्री ताडपत्री घालायची, असं ठरलं. ताडपत्री घालायचं काम माझ्याकडे आलं.

सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता असं आहे: वस्तीतल्या खेळाच्या जागेतील सुट्या वस्तूंमुळे मुलांच्या लुटुपुटूच्या खेळाचं प्रमाण आणि स्वरूप बदलतं का, हे या अभ्यासात तपासलं जाईल. मॅडमनी या वेळी ‘प्रमाण’खाली रेघ मारली आहे. समासात लिहिलं आहे: ‘कसं मोजणार?’